गोष्टीतलं यंत्र आणि लाइनवरचं यंत्र

(भोसरी, तळवडे आणि चाकण परिसरातल्या महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)



सकाळी कायद्याचं सत्र झालं, पोलीस चौकीत तक्रार कशी लिहून द्यायची ते झालं, आणि आता जेवणानंतर सिनेमा-कादंबऱ्यांवर बोलायचं म्हटल्यावर काहीजणींच्या चेहऱ्यावर ‘हे आणखी कशाला?’ असं दिसतंय. विषयाचं नावही मोठं आहे : आधुनिक तंत्रज्ञानाची काळी बाजू कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमात कशी रंगवली जाते. पण आपल्या वस्त्यांमध्ये मोबाइल चांगला की वाईट, मुलीच्या हातात द्यायचा की नाही, बाईनं मशीनवर उभं राहावं की पॅकिंगलाच बरं, हे निर्णय कायद्याचं पुस्तक वाचून होत नाहीत. ते रात्री पाहिलेल्या सिनेमा-मालिकेवरून होतात. कशाची भीती बाळगायची हे लोक गोष्टीतून शिकतात. म्हणून त्या गोष्टी आपण एकदा नीट तपासायला हव्यात.

या सगळ्या गोष्टींचा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे. भस्मासुराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय. वर दिला, आणि ज्यानं दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला तो धावला. विज्ञानकथांतला शास्त्रज्ञ यंत्र बनवतो, यंत्र हाताबाहेर जातं आणि बनवणाऱ्यावरच उलटतं. (भस्मासुराला आवरायलाही शेवटी मोहिनीचं रूप घ्यावं लागलं. बाईचं रूप कामापुरतं घ्यायचं ही रीत तशी जुनीच.)

आजच्या काळातल्या या प्रकारच्या गोष्टींची आई म्हणावी अशी कादंबरी एका मुलीनं लिहिली आहे. मेरी शेली तिचं नाव. १८१६ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा त्यावर तिचं नावही नव्हतं. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारी. मुलीला जन्म दिल्यावर काही दिवसांतच ती गेली. म्हणजे बाळंतपणात आई गमावलेल्या मुलीनं, बाईशिवाय जीव निर्माण करू पाहणाऱ्या पुरुषाची गोष्ट लिहिली. यातला अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

या कादंबरीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे, ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तो अक्राळविक्राळ राक्षस येतो. पण ते नाव राक्षसाचं नाही, त्याला बनवणाऱ्या माणसाचं आहे. राक्षसाला नावच नाही. लोकांनी कर्त्याचं नाव उचलून राक्षसाला चिकटवलं आणि कर्ता मोकळा सुटला. दुसरी गोष्ट सिनेमावाले बहुतेक वेळा गाळतात. राक्षस आपल्याला जोडीदारीण मागतो. शास्त्रज्ञ ती बनवायला घेतो, आणि अर्धवट झाल्यावर तिचे तुकडे करून टाकतो. का? तर त्याच्या मनात येतं, यानं मला दिलेलं वचन तिनं थोडंच दिलंय? ती पाळेल कशावरून? तिला तिचं स्वतःचं मत असलं तर? आणि तिला पोरं झाली तर? पुरुष-राक्षस भयंकर असला तरी तो जिवंत राहतो. स्वतःचं मत असू शकणारी बाई मात्र जन्माआधीच संपवली जाते. दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, पण सोनोग्राफीच्या जिल्ह्यात बसून वाचताना अंगावर काटा येतो.

सिनेमात हाच धागा १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात येतो. फ्रिट्झ लांगचा सिनेमा, कथा थिया फॉन हारबू या बाईची. वर मालकांचं झगमगतं शहर, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती आणि राक्षसी यंत्रं. त्या वस्तीत मारिया नावाची एक तरुणी आहे. ती कामगारांच्या बैठका घेते, त्यांना धीर देते, त्यांच्या मुलांना सांभाळते. थोडक्यात, आपल्यातलीच एक कार्यकर्ती. मालकाला तिची भीती वाटते. तेव्हा तो शास्त्रज्ञाला सांगतो, या यंत्राला हिचं रूप दे. हुबेहूब मारियासारखी दिसणारी यंत्रबाई वस्तीत सोडली जाते. ती कामगारांना भडकवते, तिच्या नावानं वाटेल ते करते. शेवटी चिडलेले कामगार कोणाला धरतात? त्या यंत्रबाईला. तिला जिवंत जाळतात. आणि मालक? शेवटच्या दृश्यात मालकाचा मुलगा मध्ये उभा राहून बापाचा आणि कामगारांच्या म्होरक्याचा हात एकमेकांत देतो. झाला समेट. जळली कोण, तर बाईच्या रूपातली एक वस्तू, जिला कुणाच्या तरी हुकमावरून बनवलं होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना या अभिनेत्रीचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या शरीरावर बसवलेली खोटी चित्रफीत देशभर फिरली. डीपफेक हा शब्द तेव्हा आपल्याकडे घरोघरी पोचला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, कृत्रिम बुद्धिमत्तेचा भस्मासुर. पण ते रूप द्यायला कुणी तरी सांगितलं होतं, कुणी तरी बसून बनवलं होतं, आणि हजारोंनी ते पुढे पाठवलं. त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाची ॲप निघाली. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, चळवळीत असणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. पकडलेले आरोपी विशीच्या आसपासची शिकलेली पोरं होती, आणि ‘बुल्ली बाई’च्या आरोपींत एक मुलगीही होती, हेही झाकून ठेवायला नको. इथं कुठलंही यंत्र बिघडलेलं नव्हतं. ॲप अगदी व्यवस्थित चाललं.

आज मला तुमच्यापुढे हाच मुद्दा ठेवायचा आहे. गोष्टीतलं यंत्र बिघडतं, बंड करतं, वेडं होतं, म्हणून माणसं मरतात. आपल्या पट्ट्यात यंत्र बिघडत नाही. ते जसं चालावं म्हणून लावलंय तसंच चालतं, आणि तरी बोटं जातात, अब्रू जाते, जीव जातो.

आता आपल्याच वस्त्यांतलं बोलू. तुमच्यातल्या किती जणींच्या घरात प्रेस शॉपला जाणारं माणूस आहे? बघा, निम्मे हात वर. पॉवर प्रेस म्हणजे काय हे मग मला सांगायला नको. पत्रा ठेवायचा, वरून साचा आदळतो, पार्ट तयार. चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे हात साच्यात राहण्याचा प्रश्नच नाही. काही ठिकाणी सेन्सर असतो, हात मध्ये आला की मशीन थांबतं. मग बोटं कशी तुटतात? एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं असतं. सेन्सर बंद करून ठेवलेला असतो, कारण तो सारखा मशीन थांबवतो आणि तासाचे पार्ट कमी पडतात. नाहीतर जुनीच प्रेस असते, पायाच्या पायडलवर चालणारी, मशीन थकत नाही आणि माणूस बाराव्या तासाला थकतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावानं अहवाल काढते. हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या वाहनउद्योगात, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत बोटं आणि हात गमावलेल्या कामगारांचे ते अहवाल आहेत. तरुण, कंत्राटी, परप्रांतातून आलेली मुलं. प्रेसवर ठेवलेल्या बायकांचीही बोटं जातात आणि त्यांना पगार पुरुषांपेक्षा कमी असतो. एका बाईनं मला सांगितलं होतं, ‘ताई, बोट तुटलं त्याचं एवढं नाही. ई.एस.आय.चं कार्ड माझं अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढलं, त्याचा राग येतो.’

यावर सिनेमा निघाला असता तर काय दाखवलं असतं? मशीन रात्री आपोआप सुरू होतं, लाल डोळे, धूर, कुणाच्या तरी आत्म्यानं झपाटलेलं. चिकटपट्टी लावणारा सुपरवायझर पडद्यावर दिसलाच नसता. त्याला टार्गेट देणारा तर नाहीच नाही.

तळवड्याचं तुम्हाला आठवतंय. ८ डिसेंबर २०२३. वाढदिवसाच्या केकवर लावतात ती फुलबाजीसारखी मेणबत्ती बनवणारा विनापरवाना कारखाना. आग लागली, आत बहुतेक सगळ्या बायका. सहाजणी त्याच दिवशी गेल्या, पुढच्या दिवसांत रुग्णालयात आणखी काहीजणी. त्यांच्या हातात चकचकीत तंत्रज्ञान नव्हतं. दारू भरायची, वात लावायची, खोक्यात ठेवायची. म्हणून कुठल्याच विज्ञानकथेत त्या बसत नाहीत. उद्योगनगरीच्या गोष्टीत रोबो येतात, त्यांच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमधली बाई येत नाही.

चार्ली चॅप्लिन मात्र मला याला अपवाद वाटतो. त्याचा १९३६ चा ‘मॉडर्न टाइम्स’ तुम्ही पाहिला नसेल तर पाहायचाच आहे. त्यात चार्ली पट्ट्यावर नट आवळतो, आवळून आवळून त्याचे हात सुट्टीतही तसेच हलत राहतात. कंपनीत एक विक्रेता जेवण भरवणारं यंत्र आणतो. कशासाठी? कामगाराची जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून. यंत्र बिघडतं आणि चार्लीच्या तोंडात लोखंडी नट कोंबतं, तिथं आपण हसतो. पण यंत्र मालकानं आणलंय, सुट्टी खाण्यासाठी आणलंय, हे चॅप्लिन लपवत नाही. आणि चार्ली बाथरूममध्ये जाऊन सिगरेट पेटवतो, तर समोरच्या भिंतीवर मालकाचा भलामोठा चेहरा उमटतो : चल, कामाला लाग! १९३६ मध्ये. आज आपल्या मुली सांगतात, टॉयलेटच्या दाराबाहेर कॅमेरा आहे, किती मिनिटं लागली ते लिहिलं जातं, पाळीच्या दिवसांत दोनदा गेलं की लाइनवर सगळ्यांसमोर विचारतात. नव्वद वर्षं होत आली त्या सिनेमाला.

‘रोबो’ हा शब्द तरी कुठून आला? चेक नाटककार कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून. त्याच्या भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. आपल्या वेठबिगारीतली वेठ. शब्दाचा अर्थच मालक आणि वेठीचा माणूस हा आहे. पण पुढच्या सिनेमांनी तो विसरायला लावला.

मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकरांचं नाव मोठं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवली होती, ती गोष्ट प्रसिद्धच आहे. यंत्रमानवाच्या धोक्यावरची त्यांची ‘वामन परत न आला’ ही १९८६ ची कादंबरी मी शाळेत असताना एका बैठकीत वाचून काढली होती. लहानसा वामन बघता बघता तिन्ही लोक व्यापतो, ही पुराणातली प्रतिमा त्यांनी यंत्राला किती नेमकी लावली! तरीही आज वाचताना जाणवतं, की आपल्या बहुतेक विज्ञानकथांत प्रयोगशाळा आहे, शास्त्रज्ञ आहेत, देशाची सुरक्षितता आहे. त्या प्रयोगशाळेत लागणारे सुटे भाग जोडणारी बाई नाही. हा एका लेखकाचा दोष नव्हे. गोष्ट कुठे घडते असं मानायचं, याचाच तो प्रश्न आहे.

हिंदी सिनेमाचं थोडक्यात सांगते. २०१० च्या ‘रोबोट’मध्ये यंत्रमानव शास्त्रज्ञाच्या होणाऱ्या बायकोच्याच प्रेमात पडतो. २०२४ च्या ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’मध्ये नायक एका यंत्रबाईच्या प्रेमात पडतो. ती सुंदर आहे, थकत नाही, उलटून बोलत नाही, सांगितलेलं करते. घरच्यांना सून पसंत पडते! सिनेमा विनोदी आहे, मीही हसले. पण बघा, तिचा आज्ञाधारकपणा कुणाला भीतिदायक वाटत नाही. ती बिघडते तेव्हाच धोका सुरू होतो. ऐकणारी बाई म्हणजे चांगलं यंत्र आणि न ऐकणारी म्हणजे बिघाड, ही समजूत आपल्या कितीजणींच्या सासरी आधीपासूनच होती.

सोनोग्राफीबद्दल इथं बोलायला हवं, कारण तंत्रज्ञानाशी आपल्या चळवळीनं दिलेली सगळ्यात मोठी लढाई तीच. गर्भजलपरीक्षेचा बाजार वाढत होता तेव्हा मुंबई-पुण्याच्या बायकांनी, डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी ऐंशीच्या दशकात आवाज उठवला. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला. तो कागदावरच राहिला, म्हणून २००० मध्ये पुण्याची ‘मासूम’, मुंबईची ‘सेहत’ आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये तो सुधारला. तरी आकडे बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४.

याच विषयावर २००३ मध्ये ‘मातृभूमी’ नावाचा हिंदी सिनेमा आला. बायकाच न उरलेलं गाव, पाच भावांना मिळून एक बायको. सुरुवातीलाच मुलीला दुधात बुडवून मारतात. पाहवत नाही इतका अंगावर येतो. पण तो पाहून शहरातला माणूस सुटकेचा श्वास टाकतो. ते कुठलं तरी मागासलेलं गाव, ती रानटी माणसं, तो दुधाचा हंडा. पुणे जिल्ह्याचा २०११ चा आकडाही नऊशेच्या खाली होता. तो दुधाच्या हंड्यानं खाली आला नाही. पांढरी फरशी, थंड खोली, पोटावर लावायची जेल आणि शिकलेला डॉक्टर, यांनी आणला. ती खोली सिनेमात नाही. काळी बाजू दाखवताना ती खूप काळी रंगवली, की पाहणाऱ्याला आपली उजेडातली बाजू वेगळी वाटायला लागते.

आणि चळवळीनं तेव्हा काय मागितलं होतं, तेही आठवा. मशीन फोडा असं कुणी म्हणालं नाही. चाकणच्या गरोदर बाईला सोनोग्राफी लागतेच, बाळ आडवं आहे का ते कळायला लागते. मागणी होती, मशीनची नोंद करा, प्रत्येक तपासणीचा ‘फॉर्म एफ’ भरा, कुणी केली, कशासाठी केली ते लिहा. म्हणजे यंत्रावर ज्याचा हात आहे त्याचं नाव कागदावर आणा. मेरी शेलीच्या राक्षसाला लोकांनी चुकीचं नाव दिलं. आपल्या बायांनी बरोबर नावाचा रकाना तयार करून घेतला!

आता मोबाइल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

आपल्या वस्त्यांत आम्ही गेली दोन वर्षं सिनेमे दाखवतो आणि मग चर्चा घेतो. मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीवर, खासगी चित्रणावरून होणाऱ्या ब्लॅकमेलवर सिनेमा दाखवला, की हॉल भरतो. आणि सिनेमा संपल्यावर एक ठरलेला प्रसंग घडतो. कुणाचे तरी वडील किंवा भाऊ पुढे येतात, हात जोडतात आणि म्हणतात, ‘मॅडम, डोळे उघडलेत तुम्ही. उद्यापासून पोरीचा मोबाइल बंद.’ एका वस्तीत तर त्या रात्रीच एका मुलीचा फोन काढून घेतला. ती एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली होती. शिफ्ट बदलली की निरोप ग्रुपवर येतो, बस कुठं थांबणार तेही ग्रुपवर. तिला निरोप मिळेना. दोन वेळा बस चुकली, तिसऱ्या वेळी ठेकेदारानं सांगितलं, येऊ नको. घरात सगळे म्हणाले, बरंच झालं, नाहीतरी लग्न करायचंच होतं. ज्याच्या फोनमध्ये दुसऱ्याच कुठल्या मुलींच्या चित्रफिती होत्या, त्या तिच्या भावाचा फोन मात्र कुणी हातात घेऊन पाहिला नाही.

सिनेमा वाईट नव्हता. पण त्यात भीती यंत्राची होती आणि शिक्षा मुलीला होती. मुलीनं फोन घेतला, मुलीनं फोटो काढला, मुलीनं विश्वास ठेवला, आणि शेवटी मुलगी पंख्याला लटकली. असं चारदा पाहिलेल्या मुलीला संकटात दुसरी वाट सुचेल कशी? तिनं पडद्यावर दुसरी वाट पाहिलेलीच नसते.

म्हणून कुठला सिनेमा दाखवायचा यावर आपण भांडलं पाहिजे. नीरज घेवानचा २०१५ चा ‘मसान’ घ्या. बनारसची मुलगी एका मुलाबरोबर लॉजवर जाते. पोलीस दार तोडून आत येतात आणि मोबाइलवर तिचं चित्रण करतात. मुलगा भीतीनं जीव देतो. पुढे पोलीस अधिकारी तिच्या वडिलांकडून पैसे उकळत राहतो. फोन कुणाच्या हातात होता, हे पाहणाऱ्याला एक क्षणही विसरता येत नाही. आणि ती मुलगी मरत नाही. अपराधाचं ओझं घेऊन का होईना, नोकरी करते, शिकायला जाते, पुढे चालते. मराठीत २०१८ मध्ये गिरीश जोशी यांचा ‘टेक केअर गुड नाईट’ आला. एका मध्यमवर्गी घरावर आलेलं सायबर गुन्ह्याचं संकट. त्यात घरातल्यांनी पोलिसांकडे जाणं ही गोष्टीची मुख्य वाट आहे. आपल्या वस्तीतलं घर त्या घरासारखं नाही हे खरंच. पण तक्रार करता येते, हे पडद्यावर दिसतं. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय ऑगस्ट २०१८ पासून आहे. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० हा क्रमांक आहे, बायकांसाठी १८१ आहे, तातडीला ११२ आहे. हे तिन्ही क्रमांक लावायला मुलीच्या हातात काय लागतं? फोन!

आता उलट बाजूनं एक सिनेमा सांगते, म्हणजे गोंधळ आणखी वाढेल. २०२१ चा मल्याळम सिनेमा, जिओ बेबीचा ‘द ग्रेट इंडियन किचन’. त्याची हिंदी आवृत्ती ‘मिसेस’ २०२५ मध्ये ओटीटीवर आली. त्यात घरातल्या सासऱ्यांना मिक्सरमधली चटणी चालत नाही, पाट्यावरचीच हवी. कुकरचा भात नको, चुलीवरचा हवा. धुण्याच्या मशीननं कपडे खराब होतात. किती गोड बोलून सांगतात! इथं काळी बाजू तंत्रज्ञानाची नाही, ते नाकारण्याची आहे. हाच माणूस स्वतःसाठी मोबाइल, गाडी, टीव्ही नाकारत नाही. भोसरीतल्या एका मंडळात हा सिनेमा दाखवला तेव्हा हसू आणि हुंदके एकदमच आले. एक काकू म्हणाल्या, ‘आमच्याकडे मिक्सर आहे, पण तो पाहुणे आल्यावर दाखवायला.’

पिंपरीचाच एक जुना प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. १९७४ मध्ये टेल्कोनं इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली, आणि त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीनं जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावलं, ती टेल्कोतली पहिली स्त्री इंजिनिअर झाली. पुढे ती सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाली. २०२२ पर्यंत त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात मोटारी जोडणारी एक अख्खी लाइन मुली चालवू लागल्या होत्या. यात सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. किती मुली कायम आणि किती शिकाऊ, रात्री घरी कशा जातात, लग्न झाल्यावर किती टिकतात, हे आपण विचारतच राहणार. पण हातात टॉर्क गन घेऊन गाडीचा नट आवळणारी मुलगी ही गोष्ट आहे, आणि ती कुठल्या सिनेमात मी अजून पाहिली नाही. सिनेमातली बाई यंत्र असते, किंवा यंत्राची शिकार असते. यंत्र चालवणारी नसते.

ती कुणीच लिहिली नाही असंही नाही. १९०५ मध्ये बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट इंग्रजीत लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष घरात, मर्दान्यात बसतात आणि बायका कारभार पाहतात. त्या सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतलं पाणी खेचून घेतात, हवेतून फिरतात. शत्रूचं सैन्य आलं तेव्हा सूर्याची उष्णता त्याच्यावर सोडून त्याला पळवून लावतात. म्हणजे हत्यारही आहे, गोष्ट अगदी भाबडी नाही. पण सगळी यंत्रं विद्यापीठातल्या बायकांनी काढलेली आहेत, आणि कशासाठी वापरायची ते त्याच ठरवतात. रोकेयाबाई स्वतः पडद्यात वाढल्या होत्या, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सव्वाशे वर्षं होतील आता त्या गोष्टीला, आणि मराठीत ती आपल्या किती गटांत वाचली जाते?

सिनेमा दाखवल्यानंतरच्या चर्चेबद्दल एवढंच सांगते. ‘यातून आपण काय बोध घेतला?’ असं विचारू नका. मग सगळे शाळेतल्यासारखं उत्तर देतात, मोबाइल वाईट, यंत्र वाईट, जुनं ते सोनं. त्याऐवजी विचारा, हे मशीन विकत कुणी घेतलं? बटण कुणी दाबलं? पैसे कुणाला मिळाले? शेवटी शिक्षा कुणाला झाली? आणि ती बाई कुणाकडे गेली असती तर वाचली असती, त्याचं नाव आणि फोन क्रमांक आत्ता फळ्यावर लिहा. एका बैठकीत शेवटच्या प्रश्नाला दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एका मुलीनं आपल्याच गल्लीतल्या आशाताईचं नाव सांगितलं. त्या आशाताई तिथंच बसल्या होत्या, दचकल्याच!

पुढच्या महिन्यात चाकणला ‘मॉडर्न टाइम्स’ दाखवायचा बेत आहे. तो जवळजवळ मूक आहे, त्यामुळे ओडिशाच्या, बिहारच्या, नांदेड-परभणीच्या सगळ्याजणी एकत्र बसू शकतात, भाषा आडवी येत नाही. गंमत म्हणजे त्यात माणसांचे बोललेले शब्द ऐकू येतात ते फक्त यंत्रांतून : मालकाच्या पडद्यातून, ग्रामोफोनमधून, रेडिओतून. चार्ली स्वतः तोंड उघडतो ते शेवटी एका गाण्यात, आणि त्या गाण्यालाही धड अर्थ नाही. ते गाणं झालं की मी सिनेमा थांबवीन, आणि लाइनवरच्या मुलींना सांगीन, की आता तुम्ही बोला. गुरुवारी सुट्टी असणाऱ्या कितीजणी आहेत ते आज नावासकट लिहून द्या, म्हणजे वार ठरवता येईल. प्रोजेक्टर मिळालाय, पांढरी चादर मात्र कुणीतरी आणायची आहे. आणि घरून निघताना फोन बरोबर आणा. कुणी का म्हणून विचारलं, तर सांगा, बैठकीत लागणार आहे.